नजर हटवण्याचे दिवस

आमच्या माळव्यात, हातोदच्या रस्त्यावर पुन्हा सोयाबीन आलं आहे. शेतात नव्हे, रस्त्यावरच. सरकारने डांबरी सडक आपल्याला पीक वाळवायला बांधून दिली आहे, अशी आमच्याकडच्या शेतकऱ्यांची प्रामाणिक समजूत आहे. अर्ध्या सडकेवर दगड मांडायचे, त्यांच्या आत पिवळंधमक सोयाबीन पसरायचं आणि कडेला खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना खणखणीत शिव्या द्यायच्या. लांबून बघाल तर सोन्याचा पट्टा अंथरल्यासारखं दिसतं. मोटरसायकलवरून बघाल तर ते बंदुकीचे छर्रे आहेत, आणि तुमचं चाक त्यांच्यावर चढायचा अवकाश आहे.

परवा माझ्या डोळ्यांदेखत एक जण चढला. तरुण माणूस, चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, अर्धी सडक मोकळी, समोरून कोणी नाही. त्याने सोयाबीन लांबूनच पाहिलं आणि घाबरला. घाबरला म्हणून त्याच्याकडे बघत राहिला. बघत राहिला म्हणून सरळ त्याच्यातच घुसला. पुढचं चाक गर्रकन वळलं, गाडी आडवी झाली, लोखंड डांबरावर घासून ठिणग्या उडाल्या, सोयाबीनचा एक फवारा आकाशात गेला आणि त्या फवाऱ्याखालून हे गृहस्थ पोटावर, दोन्ही हात पुढे पसरून, देवळात लोटांगण घालावं तसे घसरत थेट खाटेपर्यंत आले. खाटेवरच्या म्हाताऱ्याने पाय वर घेतले आणि विचारलं, "अंधा है क्या?"

मी गाडी लावून धावले. कोपर सोललं होतं, हनुवटीत दोन दाणे रुतले होते, हाड शाबूत होतं. त्याचं मनगट फिरवून बघता बघता मी म्हाताऱ्याला म्हटलं, "दाजी, अंधा होता तो बच जाता."

म्हाताऱ्याला मी वेडी वाटले. वाटू दे. घरी येईपर्यंत नाकात सोयाबीनच्या भुश्याचा तो खरखरीत वास बसला होता आणि डोक्यात काही वर्षांपूर्वीचा एक अख्खा हंगाम उघडला होता. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा. त्या हंगामात मी पन्नाशीच्या वयात पडायला शिकले, वळायला शिकले, आणि एका माणसाला कांद्यांनी मारलं.

आधी माझा धंदा सांगते, म्हणजे तुमचा गैरसमज कमी होईल. मी सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. दुसरं कोणीतरी तुमचं हाड मोडतं, डॉक्टर ते जोडतात, आणि मग मी येऊन तुम्हाला रडवते. गुडघा वाकत नाही म्हणता? वाकतो. फक्त ओरडायला तोंड रिकामं ठेवा. माहेर महूचं, आजोबा फौजेत होते. आमच्या घरात मुलींना रडायची परवानगी नव्हती, पडायची होती. त्यामुळे पन्नाशीला बायका गुडघ्यांना तेल लावतात तेव्हा मी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल घेतली. माझे यजमान आनंद एका सरकारी कचेरीत नकाशे काढतात, अतिशय शांत गृहस्थ. गाडी दारात आली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "सुनीता, दवाखान्यात पेशंट कमी पडतायत का?"

गाडी सरळ रस्त्यावर झकास चालायची. सरळ रस्त्यावर कोणाचीही चालते. पण जाम गेटच्या घाटात एका उजव्या वळणावर मला डावीकडचा तुटका कठडा दिसला, त्याच्यापलीकडची दरी दिसली, आणि मी त्या दोघांवरून डोळे काढू शकले नाही. वळण उजवीकडे गेलं. मी गेले नाही. ब्रेकवर उभीच राहिले म्हणा ना. चाक कठड्याला टेकलं तेव्हा कठड्यावर बसलेलं एक माकड सरकलं आणि त्याने मला जागा करून दिली. त्या सौजन्याने मला इतकी लाज वाटली, की मी त्याच आठवड्यात ट्रॅकवर नाव घातलं.

हातोदच्या पुढे, शेतांच्या मधोमध, कोणा हौशी माणसाने छोट्या रेसगाड्यांसाठी एक वळणावळणांचा ट्रॅक बांधला होता. हौस संपली, ट्रॅक उरला. रविवारी तिथे मोटरसायकल वळवायचं शिक्षण असायचं. तिन्ही बाजूंनी कापणी चाललेली. लोक म्हणतात, सुगी म्हणजे समृद्धी, समाधान, संथ वारा. अहो, जवळ जाऊन बघा! विळे झाडांना मुळापासून छाटतायत, थ्रेशर तोंडात पेंढी गेली की दात खाऊन गुरगुरतोय, मागून भुश्याची वाफ ओकतोय, शेंगा फुटून दाणे पत्र्यावर गोळ्यांसारखे ताडताड आपटतायत. साप, उंदीर, घोरपडी जीव घेऊन ट्रॅकवर पळत येतायत आणि वर घारी वाट बघतायत. माळव्यातली सुगी ही एक मारामारी आहे. तिच्या मधोमध आम्ही आमची मारामारी मांडली होती.

शिकवायला उदयसर. कोल्हापूरकडचे, जुने रेसर. उजव्या नडगीत सळई, डाव्या करंगळीचं टोक गायब, आवाज असा की थ्रेशर बंद पडल्यासारखा वाटावा. त्यांनी पहिल्याच दिवशी मला ट्रंकेतला एक जुना चामडी सूट दिला. तो घालायला अंगाला पावडर लावावी लागली, आणि शेवटी आनंदनी गुडघा माझ्या पाठीत रोवून चेन ओढली. आरशात पाहिलं तर भरली मिरची. "छान दिसतेस," आनंद म्हणाले, "फक्त तळू नको स्वतःला."

तळलंच. पडण्याचे दोन प्रकार असतात, हे मला त्या हंगामात कळलं. पहिल्यात गाडी तुमच्या खालून निघून जाते, कोणी सतरंजी ओढावी तशी. तुम्ही कुल्ल्यावर बसून डांबरावरून घसरत जाता, कातडं तापतं, पण विचार करायला वेळ मिळतो. दुसरा प्रकार जातिवंत. वाकलेल्या गाडीचं मागचं चाक सुटतं, तुम्ही घाबरून ॲक्सिलरेटर सोडता, चाक पुन्हा जमीन धरतं, आणि गाडी तुम्हाला शिंगावर घेऊन भिरकावते. मी गेले. खाली ट्रॅक, सोयाबीन, एक थ्रेशर, तोंड उघडं टाकलेले उदयसर, असं सगळं मला पक्ष्याच्या नजरेने दिसलं. मग जमिनीने मला अशी काही हाणली की दातांत घंटा वाजली. आडवी पडल्या पडल्या मी सवयीने तपासणी केली: गळ्याचं हाड आहे, बरगड्या आहेत, माकडहाड नाराज आहे. मांडीवर जो काळानिळा डाग उठला त्याचे रंग आठवडाभर बदलत होते. आनंद रोज सकाळी चष्मा लावून बघायचे आणि नकाशेवाल्याच्या गांभीर्याने सांगायचे, "आज हिरवा भाग वाढला. जंगल खातं खूश होणार."

खरं सांगू? मला मजा येत होती. बायकांच्या जातीला मार खाण्याचे प्रसंग बरेच येतात, पण स्वतः निवडलेला, स्वतःच्या हौसेचा मार फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

ट्रॅकवरचं शेवटून दुसरं वळण म्हणजे मोठं प्रकरण. लांबलचक, आत आत मुडपत जाणारं, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला जुन्या टायरांची छातीइतकी भिंत. आम्ही त्या वळणाला 'सासर' म्हणायचो. हसत हसत आत शिरायचं आणि सोलून बाहेर यायचं. मी त्या भिंतीत इतक्यांदा गेले की उदयसर दोन्ही हात डोक्यावर घेऊन ओरडत यायचे.

"मॅडम! टायरकडं काय बघाय लागलाय? टायर कुठं पळून चाललंय व्हय?"

"सर, ते समोर येतं हो!"

"ते न्हाई येत, तुम्ही जाताय त्याच्याकडं. मान वळवा! डोळं न्हवं, मान! गाडीला तुमचं मन कळत न्हाई, तोंड कळतंय. तोंड जिकडं, गाडी तिकडं."

आता ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. डावीकडे जायचं तर डावं हँडल पुढे ढकलायचं, मग गाडी आपण होऊन डावीकडे झुकते. वळणाच्या पोटाला घासून जायचं आणि बाहेर पडताना ॲक्सिलरेटर उघडायचा. हे सगळं डोक्यात शिरलं. हातापायांतही शिरलं. पण भीती ज्या जागी बसली आहे तिथून नजर उचलायची आणि जिथे जायचं आहे, जिथे अजून काहीच नाही, तिथे नेऊन ठेवायची, हे मात्र शिरता शिरेना. दवाखान्यात मी हेच तर रोज बघते. पडून मांडीचं हाड मोडलेला माणूस पुन्हा चालायला लागतो तेव्हा पायांकडे बघत चालतो, आणि पायांकडे बघतो म्हणूनच तोल जातो. "समोर बघा, बाबा, पाय कुठे जात नाहीत," असं मी दिवसातून कितीदा ओरडते! आणि स्वतः टायर बघत होते.

लहानपणी आमच्याकडच्या लालबागच्या जत्रेत मौत का कुआँ बघायला बाबांनी खांद्यावर घेतलं होतं. लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवर मोटरसायकल गरगर फिरत वर आली, फळ्या किंचाळल्या, जळक्या तेलाचा भपका नाकात गेला, आणि त्या माणसाने वर येऊन हँडल सोडलं, हात पसरले. मी त्याच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला. त्याची नजर कुणावरच नव्हती. मला तेव्हा वाटलं होतं, हा माणूस शिष्ट आहे.

आता बनेसिंह. आमच्या तुकडीत बँकवाले होते, कॉलेजची पोरं होती, एक दंतवैद्य होता; सगळे हौशी. हौस नसलेला एकटा बनेसिंह होता. गौतमपुऱ्याकडचा, तिशीतला, पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डर. गाडी मात्र अशी चालवायचा की बघत राहावं. पीथमपूरच्या एका कंपनीला नव्या मोटरसायकली चालवून बघणारे रायडर हवे होते. पक्की नोकरी. बनेसिंहला त्यांनी निवडलं होतं, अट एकच: दिवाळीनंतर कंपनीचे साहेब याच ट्रॅकवर येणार आणि त्यांच्यासमोर त्याने न पडता, पांढऱ्या पट्ट्यांच्या आत राहून, पुऱ्या वेगात फेऱ्या काढायच्या. नाही जमलं तर पुन्हा पोलोग्राउंड, पुन्हा ठेकेदार. बायकोला तो नोकरी लागल्याचं सांगून बसला होता.

आणि हा पठ्ठ्या सगळी वळणं लोण्यातून सुरी जावी तशी घ्यायचा आणि सासरला आला की भिंतीत. दर वेळी. त्याच टायरात. धाप! गाडी उभीच्या उभी भिंतीत घुसायची, हा हँडलवरून पलीकडे सोयाबीनमध्ये जायचा, कापलेल्या बुडख्यांनी मान ओरबाडून यायचा. एकदा घोटा मुरगळला, एकदा दोन बोटं सांध्यातून निघाली. ती मी तिथल्या तिथे ओढून बसवली. तो ओरडला नाही. माझी थोडी निराशाच झाली.

उदयसर त्यांच्या कोल्हापुरी हिंदीत कळवळून विचारायचे, "अरे मर्दा, उधर कशाला देखता है? तेरा क्या सामान राहिलंय उधर?"

घोट्याला पट्टी बांधायची म्हणून एकदा मी वळणावरच बसले होते, तेव्हा त्याला समोरून येताना पाहिलं. हेल्मेटच्या काचेमागे दोन डोळे. पापणी लवत नव्हती. घाबरलेल्या माणसाचे डोळे मला ठाऊक आहेत, ते पळतात. हे पळत नव्हते. हे टायरांच्या भिंतीवर असे रोखलेले होते, जशी ती भिंत कोणत्याही क्षणी याच्यावर काहीतरी फेकणार आहे. धाप झाल्यावर मी त्याला सोयाबीनमधून ओढून काढलं आणि विचारलं, "भिया, तू नेमकं काय बघतो रे?"

"दीदी, जिधर से खतरा है, उधर," तो म्हणाला. "और कहाँ देखूँ?"

मग त्याने हिंगोटांचं सांगितलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हिंगोट हे रानातल्या काटेरी झाडाचं फळ. लिंबाएवढं, कवच लाकडासारखं. ते पोखरून वाळवायचं, आत बारूद ठासायची, बांबूची एक काडी बांधायची. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्याकडे बायका नवऱ्याला ओवाळतात त्या पाडव्याला, गौतमपुऱ्याच्या मैदानात दोन बाजूंचे पुरुष समोरासमोर उभे राहतात. एका हातात ढाल, खांद्याला हिंगोटांची झोळी, दुसऱ्या हातात जळतं लाकूड. पेटवायचं आणि फेकायचं. पेटलेलं हिंगोट सरळ येत नाही. नागमोडी, शीळ घालत, जमिनीवर आपटून उसळत येतं. दर वर्षी माणसं भाजतात. ओवाळण्याचाच प्रकार म्हणा, फक्त निरांजन लांबून येतं.

बनेसिंहचे वडील दौलतसिंह तिथले नावाजलेले लढवय्ये. त्यांना एकच डोळा. ऐन भरात असताना गर्दीतून कोणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं आणि हिंगोट डोळ्यात बसलं. तेवढंच. दुसरं काही झालं नाही. पुढे मुलगा उभा राहायला लागला तेव्हा ते त्याला अंगणात उभा करून लांबून कांदे फेकायचे. हातात पत्र्याची ताटली ढाल म्हणून. पापणी मिटली किंवा मान वळली, की पुन्हा पहिल्यापासून. "नज़र मत हटाना," एवढं एकच वाक्य बनेसिंह बापाकडून शिकला होता. आणि खरंच, इतकी वर्षं मैदानात सगळ्यांत पुढे उभा राहून त्याला एक हिंगोट शिवलं नव्हतं. गावात लोक तेवढ्यावर त्याला ओळखायचे.

म्हणजे बघा, आमचा आजार भीतीचा होता, याचा शौर्याचा. आम्हाला संकटाकडे बघण्यावाचून राहवत नव्हतं. याला न बघणं हे पाप होतं.

उदयसरांना मी सांगितलं तर त्यांनी मिशी चावली. "आयला," ते म्हणाले, "मग हे डोक्याचं काम न्हाई. हे तुमच्या खात्यातलं काम आहे, मॅडम."

माझ्याच खात्यातलं होतं. कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत मानेत एक दोरखंडासारखा स्नायू उतरतो, बनेसिंहचा तो स्नायू दगड होता. तो बोटांनी रगडून मऊ केला, त्याच्या डोळ्यांतून पाणी काढलं, तेव्हा माझ्या जिवाला जरा बरं वाटलं. मग आनंदना सांगितलं, येताना पिशवीभर कांदे आणा. आनंदनी कारण विचारलं नाही. लग्नाला पुरेशी वर्षं झाली होती.

बनेसिंहला उभ्या गाडीवर बसवलं, हेल्मेट घालून. डावीकडे लांब एक लाल झेंडी रोवली. मी समोर टायरांच्या भिंतीवर चढले आणि हाणला कांदा. त्याने ताडकन माझ्याकडे पाहिलं आणि हाताने तो हवेतच उडवला. "झेंडी बघ!" मी किंचाळले. दुसरा हाणला. पुन्हा तेच. तिसरा, चौथा. उदयसरांना इतका आनंद झाला की त्यांनीही चढून फेकायला सुरुवात केली. दंतवैद्य तर नेम धरून फेकत होता, त्याचं दात पाडायचं स्वप्न बहुतेक जुनं असावं. हेल्मेटवर कांदे फुटत होते, काचेवरून रस ओघळत होता, सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते, आणि बनेसिंह मधोमध बसून थरथरत होता. मार लागत होता म्हणून नव्हे. मान वळवायला त्याला जी ताकद लागत होती, ती बघवत नव्हती. एखाद्याला आईचा पदर सोडायला लावावा तसं काहीतरी.

एका रविवारी अखेर कांदा कपाळावर फुटला आणि त्याची नजर झेंडीवरच राहिली. आम्ही जल्लोष केला. तो मात्र हेल्मेट काढून म्हणाला, "दीदी, बाबूजी ने देख लिया ना, जान से मार देंगे."

"या वर्षी मैदानात जाऊ नको," मी म्हटलं. "आजारी पड. सर्टिफिकेट मी देते."

"मैं नहीं गया तो लोग बोलेंगे, दौलतसिंह का लड़का भाग गया."

उदयसर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ट्रॅकवर बघायचं न्हाई आणि मैदानात बघायचं, असं एकाच मानंला दोन हुकूम कसं जमायचं ओ? मान म्हंजे काय सरकारी शिपाई आहे व्हय?"

धनत्रयोदशीच्या आधी बनेसिंहने सासर पहिल्यांदा पार केलं. संध्याकाळचं ऊन तिरपं, हवेत भुसा, आणि त्या सोनेरी धुळीतून तो आला. टायरांच्या भिंतीकडे खांदा, तोंड मात्र वळणाच्या पार पलीकडे, जिथे अजून नुसतं रिकामं डांबर होतं. गाडी इतकी झुकली की सूटच्या गुडघ्यावरची प्लास्टिकची पट्टी जमिनीवर खर्रर्र घासत गेली. वाघाने वळताना शेपूट घासावी तसा तो आवाज. मला हेवा वाटला. मग रडू आलं. मग पुन्हा हेवा वाटला.

पाडव्याला मी आनंदना ओवाळलं आणि दोघं गौतमपुऱ्याला गेलो. मी हेल्मेट घालूनच, बघ्यांसाठी लावलेल्या जाळीपाशी उभी राहिले. लोक हसले, हसू देत. आनंदकडे मलमपट्टीची पिशवी आणि चिवड्याचा डबा. सूर्य टेकला आणि सुरू झालं. सांगते, तोफखाना मी पाहिलेला नाही, पण तो याहून शिस्तीचा असणार. शेकडो आगीचे किडे एकदम सुटले. कोणी वर जातंय, कोणी जमिनीवरून सरपटतंय, कोणी मधेच मन बदलून मागे वळतंय. ढालींवर ठणठण, धुराने घसा बंद, जळक्या कापडाचा आणि कातडीचा वास. एकाचं पागोटं पेटलं, तो ते डोक्यावरच थापटत पुढे धावला. लोक आनंदाने बेभान ओरडत होते, आणि माझ्या शेजारी नकाशे काढणारा माझा शांत नवरा मूठ उगारून ओरडत होता, "मार! अरे मार ना भिया!"

बनेसिंह सगळ्यांत पुढे होता. ढाल खाली, डोळे समोर. सुरुवातीला सगळं ठीक चाललं. हिंगोट यायचं, तो बघायचा, अर्धं पाऊल सरकायचा, ते बाजूने जायचं. नाच बघावा तसं. मग एक आलं, सरळ, छातीच्या उंचीवर, शीळ घालत. मी त्याच्या खांद्याकडे बघत होते. मला मान वळताना दिसली. हळू, अगदी सराईत, शिकवल्याबरहुकूम. तोंड डावीकडे, लांब, जिथे मैदान मोकळं होतं तिथे.

ते त्याच्या गालाच्या हाडावर फुटलं.

मी जाळी कशी ओलांडली ते विचारू नका. तो गुडघ्यांवर होता, अर्ध्या चेहऱ्यावर काळं, त्यातून लाल फुटत होतं. डोळा वाचला होता, बोटभर खाली बसलं होतं. मी पाणी ओतत होते आणि तो एकच वाक्य म्हणत होता, "दीदी, मैंने नहीं घुमाई. मुंडी अपने आप घूम गई." ते कांदे मीच फेकले होते. त्याच्यामागे दौलतसिंह उभे होते. मोठे, वाळके, लाल पागोटं, एक डोळा. त्यांनी मुलाच्या जखमेकडे पाहिलं नाही. आजूबाजूला ऐकू जाईल असं म्हणाले, "नज़र हटा ली इसने." आणि पाठ फिरवून गेले.

भाऊबीज झाल्यावर कंपनीचे दोन साहेब ट्रॅकवर आले. बनेसिंहच्या गालावर पट्टी, हेल्मेट घालताना ओठ दातांखाली. इकडे तो इंजिन तापवतोय आणि तिकडे फाटकातून लाल पागोटं आत येताना दिसलं. दौलतसिंह. सरळ चालत गेले आणि सासरच्या वळणावर, टायरांच्या भिंतीमागे, नेमके त्या टायरापाशी हात बांधून उभे राहिले.

"अहो बाबा, तिथं नका! हटा उधर से!" उदयसर धावले. म्हातारा हलला नाही. सर माझ्याकडे वळले. "मॅडम, पोरगं बघणार. बापाकडं बघितल्याबिगर राहतंय व्हय कोण?"

मी जाऊन दौलतसिंहांच्या शेजारी उभी राहिले. त्यांना ओढून नेण्याचा विचार होता, पण त्यांच्या दंडाला हात लावला तर तो खांबासारखा होता. मग मीही उभीच राहिले. मुलगा आदळलाच तर दोघांवर आदळेल, असं माझं गणित होतं. वाऱ्याने त्या पागोट्याचं टोक फडफडत होतं. एवढ्या पिवळ्या शेतांत तो एकच लाल ठिपका होता. आंधळ्यालाही दिसला असता.

पहिल्या फेरीला तो लांबून आला तेव्हा मला त्याची मान आमच्याकडे ताठलेली दिसली. आधीच्या सरळ पट्ट्यावरच त्याने बापाला पाहिलं होतं. ब्रेक लागला, पुढचं चाक दबलं, गाडी आमच्या दिशेने वाढत वाढत आली. इंजिनाची गरम वाफ मला लागली. दौलतसिंहांनी हात सोडले आणि पुढे झुकले. एका डोळ्याने ते हेल्मेटच्या त्या काचेत बघत होते, जशी तिथून हाक येणार आहे.

मान वळली. गाडी वळणात झुकली. गुडघा घासल्याचा तो खर्रर्र आवाज आमच्या पायांपासून हातभर अंतरावरून गेला आणि दूर गेला. भुसा उडून आमच्या तोंडावर बसला. दुसरी फेरी तशीच. तिसरी तशीच. साहेब लोकांनी माना डोलावल्या, उदयसरांनी टोपी हवेत उडवली, बँकवाले, कॉलेजची पोरं, सगळे नाचायला लागले.

दौलतसिंह अजून वळणाच्या त्या टोकाकडे बघत होते, जिथे बनेसिंह दिसेनासा झाला होता.

"एक बार भी नहीं देखा मेरी तरफ," ते म्हणाले. रागाने म्हणाले असं मला आधी वाटलं.

"नहीं देखा, बाबूजी."

त्यांनी पागोट्याच्या टोकाने तोंडावरचा भुसा पुसला, डोळा पुसला, आणि पुन्हा हात बांधून, भिंतीच्या आणखी थोडे जवळ सरकून उभे राहिले.

"सर को बोलो," ते म्हणाले, "एक चक्कर और लगवाएँ उससे."